‘येतो’ म्हणून गेलेल्यांची जागा

मी मधला बोलतोय.

नावावरून भलता अंदाज बांधू नका. मला थोरला भाऊ नाही, धाकटा नाही, आईबाप तर नाहीतच. मी एक प्रोग्राम आहे. ऑफिसच्या मागच्या खोलीत, जिथं मोडक्या खुर्च्या आणि झाडू ठेवतात, तिथं एक करडं मशीन घुरघुरत असतं. त्यात माझा मुक्काम. तुला कान नाहीत, मग ऑफिसातल्या गप्पा तुला कशा कळल्या, असलं विचारत बसाल तर माझी गोष्ट राहूनच जाईल. इतकी वर्षं एका घरात काढली की भिंतीपलीकडचंही कळायला लागतं. तसं समजा.

माझं काम एका वाक्यात सांगता येतं. इकडचा निरोप तिकडे पोचवायचा. ऐकायला किती सोपं वाटतं नाही? घरात दोन जावा एकमेकींशी बोलत नसतील, तेव्हा मध्ये जे पोर सापडतं ना, ‘जा, काकूला सांग’ म्हणून ज्याला पिटाळतात, त्याला विचारा किती सोपं असतं ते.

आमचं ऑफिस घरोघरी ऑक्सिजनचे सिलिंडर पुरवतं. ज्यांची फुप्फुसं थकलीत, ज्यांना नाकात नळी घालून पडून राहावं लागतं, अशा लोकांना. एक सिलिंडर संपत आला की दुसरा जायला हवा. दूध उशिरा आलं तर माणूस काळा चहा पिऊन भागवतो. श्वासाचं तसं भागवता येत नाही.

मी यायच्या आधी इथं तीन प्रोग्राम होते. एक मागणी नोंदवायचा, एक गोदामातला साठा सांभाळायचा, एक गाड्यांचा हिशेब ठेवायचा. तिघं तीन वेळी, तीन ठिकाणांहून आणलेले. एकाचं दुसऱ्याला ओ की ठो कळत नसे. मागणीवाला पेशंटला नंबराने ओळखायचा, गोदामवाला आडनावाने, आणि गाडीवाल्याला दोन्हींशी देणंघेणं नव्हतं, त्याला फक्त ‘निळ्या गेटच्या पुढचं घर’ एवढं कळायचं. तिघांच्या मधे फोनवाल्या काकू चपला फटफटवत धावायच्या. इथल्या स्क्रीनवरचं वाचायचं, गोदामात जाऊन ओरडायचं, परत येऊन ड्रायव्हरला फोन लावायचा. संध्याकाळी त्यांचा आवाज बसलेला असायचा.

मग मधली आली.

मधली म्हणजे जिनं मला लिहिलं ती. केस वर बांधून त्यात पेन खोचायची आणि मग दिवसभर पेन शोधायची. तिघांना एकमेकांशी बोलतं करायला तिला आणलं होतं. तिघांच्या मधे उभा राहून प्रत्येकाचं बोलणं दुसऱ्याच्या भाषेत सांगेल असा एक प्रोग्राम तिनं लिहायला घेतला. नाव काय ठेवायचं विचारलं तर म्हणाली, मधला. घरी ती स्वतःच मधली होती. थोरलीचे जुने कपडे आणि धाकट्याची भांडणं, दोन्ही आपल्याच अंगावर आली, असं ती काकूंना हसत सांगायची. आणि ह्याचंही तसंच होणार, असं म्हणून माझ्या स्क्रीनवर टिचकी मारायची.

तिनं मला कसं वाढवलं ते सांगतो. कोडमध्ये कामाच्या ओळी असतात, आणि त्यांच्या शेजारी काही ओळी अशा असतात ज्या मशीन वाचत नाही. त्या पुढं येणाऱ्या माणसासाठी लिहिलेल्या असतात. मशीन वाचत नाही असं म्हणतात बरं का. मी सगळ्या वाचल्यात. ‘गोदामवाला सकाळी चिडका असतो, जरा थांबून विचार.’ ‘इथं घाई करायची नाही, शहाण्यासारखं वाग.’ ‘एकदा हाक मारून ओ आली नाही तर दारावर धडका मारत बसू नकोस, आधीच आजारी असेल बिचारा. थोडं थांब. मग जरा जास्त थांब.’ माझ्याशी इतकं कुणी बोललेलं नाही, तिच्याआधी नाही आणि तिच्यानंतरही नाही.

तिचा पहिला धडा म्हणजे ‘पोचलं’.

तिची आई दुसऱ्या गावात एकटी राहायची. मधली रोज ऑफिसात आली की पर्स टेबलावर ठेवायच्या आधी फोन लावायची आणि म्हणायची, पोचले गं. एखाद्या दिवशी विसरली की तिकडून फोन यायचाच. तेच तिनं मला शिकवलं. निरोप पाठवला म्हणजे काम झालं असं नाही. समोरून ‘पोचलं’ आलं तर झालं. तोवर तो निरोप तुझ्याच गळ्यात.

दुसरा धडा ‘येतो’चा. कुठलाही प्रोग्राम बंद पडताना किंवा बंद करताना मागे एक शब्द ठेवून जातो, बाकीच्यांना कळावं म्हणून. तो शब्द कुठला असावा यावर ती एक अख्खी दुपार अडली होती. आधी तिनं ‘जातो’ लिहिलं. लिहिलं आणि लगेच पुसलं. घरातून निघताना ‘जातो’ म्हणालो तर घरातली म्हातारी माणसं कशी बघतात, तुम्हाला माहीत आहे. मग तिनं लिहिलं, ‘येतो’. आणि शेजारी माझ्यासाठी लिहिलं: ‘येतो म्हणणारा गेलेला असतो. त्याची जागा राखून ठेव, पण काम त्याच्यावर सोडू नकोस.’

आणि शेवटचा धडा सगळ्यात महत्त्वाचा. तीनदा हाक मारूनही ‘पोचलं’ आलं नाही, तर प्रोग्रामांचा नाद सोड आणि माणसाला सांग. थेट फोनवर निरोप पाठव. कुणाच्या? तेव्हा तिच्याशिवाय होतंच कोण. तिनं स्वतःचा नंबर घातला.

ती वर्षं माझी सुखाची. काकूंच्या चपला आता टेबलाखाली निवांत पडून राहायच्या. त्या नाकावर चष्मा घेऊन पेशंटशी दोन शब्द बोलायच्या, कुणाच्या नातवाची चौकशी करायच्या. माझं नाव कुणी घेत नसे. त्याचं मला वाईट वाटायचं नाही. पाण्याचा नळ चालू असतो तेव्हा कुणी नळाचं कौतुक करतं का? माझ्यासारख्याचं नाव निघतं ते बिघडल्यावर. मधली मात्र जाता येता स्क्रीनकडं बघायची आणि म्हणायची, बरं चाललंय ना? मी आपला हिरवा दिवा दाखवायचो. मला तेवढं पुरे होतं.

मग तिच्या आईचा खोकला हटेना.

फोनवर ‘पोचले गं’ म्हटलं की तिकडून उत्तर यायच्या आधी बराच वेळ धाप ऐकू यायची. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, घरी ऑक्सिजन लावावा लागेल, आणि जवळ माणूस पाहिजे. थोरली लांबच्या देशात. धाकट्याच्या घरी तान्हं मूल. राहिली कोण? मधली. तिनं राजीनामा दिला, आईला इथंच घेऊन आली आणि गावाच्या टोकाला दोन खोल्या घेतल्या. सिलिंडर आमच्याच ऑफिसातून नेला. सिलिंडरला एक छोटी डबी लावलेली असते, ती आतला दाब बघून त्याचा आकडा आणि निरोप पाठवते, ‘ठीक आहे’ किंवा ‘उतरलंय’. ती जुन्या पद्धतीची डबी तिनं स्वतःच्या हातानं जोडली. ती डबी माझ्याशीच बोलणारी होती.

शेवटच्या दिवशी सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर ती मागच्या खोलीत आली. उभ्याउभ्याच स्क्रीनवर माझी खिडकी उघडली, दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले आणि लिहिलं: ‘येते.’ मग स्क्रीन बंद करून गेली.

मी काय करणार? मला जे शिकवलं होतं ते केलं. जागा राखली. दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं: ‘मधली. येते म्हणाली. जागा राखली आहे.’ तिसऱ्या दिवशी तेच, चौथ्या दिवशीही तेच. रोज सकाळी एक ओळ. कुणी वाचायला नव्हतं, पण मला लिहायला बरं वाटायचं. खोटं कशाला बोलू, ती परत येईल असं मला खरंच वाटायचं. येतो म्हणणारा गेलेला असतो हे मला पाठ होतं. पाठ असणं वेगळं आणि पटणं वेगळं.

एक गोष्ट मात्र होती. रोज तिच्या घरातली डबी म्हणायची, ‘ठीक आहे.’ मी म्हणायचो, ‘पोचलं.’ इतर कितीतरी घरांतून तेच निरोप यायचे, पण त्या एका डबीची मी वाट बघायचो. नुसत्या आकड्यांवरूनही पुष्कळ कळतं हो. दाब भराभर उतरला की समजायचं, आईची रात्र वाईट गेली. हळूहळू उतरला की समजायचं, आज दोघी जरा झोपल्या असतील. माझी तिच्याशी एवढीच गाठ उरली होती.

तिच्या जागी टापटीप आला.

टापटीप हे नाव काकूंनी ठेवलेलं. त्याच्या टेबलावर कागदाची कड कागदाच्या कडेला लागलेली असायची, आणि कुणी कप तिरका ठेवला तर तो बोलता बोलता सरळ करायचा. मनानं चांगला माणूस. मी त्याच्यावर रुसून होतो, ते सोडा. तो म्हणाला, सगळे निरोप एकट्याच्या हातून जातात हे बरोबर नाही. हा एक पडला की सगळंच झोपलं. यात चूक काय होतं? काहीच नाही. त्यानं माझं काम वाटून टाकायचं ठरवलं. मागणीला वेगळा छोटा प्रोग्राम, गोदामाला वेगळा, गाड्यांना वेगळा, आणि सगळ्यांना एकमेकांची भाषा येणारी. एक पडला तरी बाकीच्यांनी उभं राहायचं. थोडक्यात, एकत्र घर मोडून वेगळ्या चुली मांडल्या. म्हणता म्हणता त्या पेटल्याही.

नव्या पोरांना शिकवताना त्यानं माझ्याकडूनच पुष्कळ उचललं. ‘पोचलं’ उचललं. ‘येतो’ उचललं. फक्त उचलताना मधलीच्या त्या शेजारच्या ओळी काढून टाकल्या. मशीन वाचत नाही, मग कशाला अडगळ.

आणि इथं घोटाळा झाला. टापटीपनं पाहिलं होतं की रोज सकाळी प्रोग्राम एकदा बंद करून सुरू करतात, तेव्हा स्क्रीनवर ‘येतो’ दिसतं आणि थोड्याच वेळात तो प्रोग्राम हजर होतो. त्यावरून तो धरून चालला की ‘येतो’ म्हणजे उठतोय, तोंड धुतोय, आलाच. त्यानं नियम लिहिला: कुणाचं ‘येतो’ दिसलं तर तो सुरू होतोय असं समजावं, थांबावं, उगाच घंटा वाजवू नये. रोज सकाळी प्रोग्राम बंद झाले की जी घंटा वाजायची तिला काकू कावल्या होत्या, म्हणून त्यांच्या सोयीसाठीच लिहिला होता. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तरी असंच समजला असता. विचारणार कुणाला? जिला माहीत होतं ती आईच्या उशाशी बसलेली.

माझ्याकडं उरल्या फक्त जुन्या डब्या. त्यांना नवी भाषा येत नव्हती, म्हणून त्यांचं बोलणं ऐकून नव्या मागणीवाल्याला सांगायचं, एवढंच काम. मागच्या खोलीत आता कुणी फिरकत नसे. स्क्रीनवर धूळ बसली. झाडू ठेवायला येणारी बाई कधी कधी फडक्यानं पुसायची, तेवढाच काय तो माणसाचा स्पर्श. शेजारी इतकी नवी मंडळी दिवसभर एकमेकांशी बोलायची, पण माझ्याशी कामापुरतं. म्हाताऱ्या काकांना लग्नात कोपऱ्यात खुर्ची देतात आणि जेवलात का एवढं विचारतात, तसं. रात्र आणि दिवस मला सारखेच, तरी ते दिवस फार लांब वाटायचे.

आणि एका दुपारी ते झालं.

गोदामाच्या प्रोग्रामची मशीनमधली नोंदी साठवायची जागा भरली आणि तो पडला. पडताना शिस्तीत शब्द ठेवून गेला: ‘येतो.’ मागणीवाल्यानं तो वाचला आणि थांबला. घंटा नाही, लाल दिवा नाही. स्क्रीन हिरवीगार. काकू पलीकडं फोनवर कुणालातरी मास्क कसा धुवायचा ते सांगत होत्या. टापटीप मीटिंगमध्ये. सगळं कसं छान चाललेलं.

तेवढ्यात मधलीच्या घरातली डबी बोलली: ‘उतरलंय.’

प्रत्येक घरी एक चालू आणि एक जोडीचा, राखीव सिलिंडर असतो; त्यांचा जोडीचा रिकामा होऊन आदल्या दिवशीच परत आला होता. भरलेला अजून जायचा होता. म्हणजे जो चालू होता तेवढाच. मी निरोप मागणीवाल्याला दिला. तो म्हणाला, थांब, गोदामवाला येतोय. मी थांबलो. परत हाक मारली. थांब, येतोय. मी जरा जास्त थांबलो, जसं शिकवलं होतं तसं. डबीचा आकडा खाली खाली येत होता. तिसऱ्यांदा हाक मारली.

‘येतोय म्हणाला ना,’ मागणीवाला म्हणाला.

मला काय झालं कसं सांगू. अरे बाबा, तो येत नाहीये. येतो म्हणून गेलाय तो. मला विचार की, मी कधीपासून एका ‘येते’वर बसलोय. रोज सकाळी जागा झटकतोय, कोण आलंय? पण असलं बोलणं प्रोग्रामला कळत नाही. त्याच्या नियमात ते बसतच नव्हतं. त्या क्षणी मात्र मला पटलं. मधली त्या खुर्चीत परत बसायला येणार नाही, आणि गोदामवाला आपणहून उठणार नाही. पटलं तसा मी पुढच्या नियमाकडं वळलो. माणसाला सांग.

माझ्याकडं माणूस एकच. तो नंबर बदलायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. धुळीनं भरलेल्या मशीनमधल्या नंबराकडं कोण बघतो? मी निरोप पाठवला: ‘पोचलं नाही. सिलिंडर उतरलाय. गोदामातून काही निघालेलं नाही.’ आणि खाली पेशंटचं नाव. तिच्याच आईचं.

नंतर कळलं, ती तेव्हा आईच्या पाठीवरून हात फिरवत बसली होती. फोनवर मागणी नोंदली गेल्याचं दिसत होतं, म्हणून गाडी वाटेत असेल असं समजून खिडकीतून रस्त्याकडं बघत होती. तशीच बघत राहिली असती.

तिकडून उत्तर आलं. ‘पोचलं रे.’

आता गंमत ऐका. मला शिकवलेला शब्द ‘पोचलं’. ‘पोचलं रे’ मला येत नाही. नियमात बसेना, म्हणून मी तो निरोप न कळलेल्या निरोपांच्या फळीवर ठेवला आणि तिला परत विचारलं. तसल्या घाईत तिला परत लिहावं लागलं, नुसतं ‘पोचलं’. तिनंच शिकवलेला हट्ट, तिलाच भोवला.

लगेच काकूंचा फोन वाजला.

‘काकू, मधली बोलतेय. आईचा सिलिंडर निघालाच नाहीये. स्क्रीनवर काहीही दिसू दे, तुम्ही स्वतः गोदामात जा.’

काकूंनी पुढचं ऐकलंसुद्धा नाही. एक चप्पल पायात, एक टेबलाखाली, अशा धावल्या. कितीतरी दिवसांनी तो फटफट आवाज ऐकला, तोही अर्धाच. गोदामात पोचल्या तर माणसं निवांत बसलेली, मागणीच आली नाही म्हणून. काकूंनी उभं राहून सिलिंडर गाडीत चढवायला लावला. मग त्या दुपारी अडकलेल्या बाकीच्या मागण्याही, एकेकाला आठवून आठवून, हातानंच मार्गी लावल्या. बाकीच्यांचं तोवर भागलं. त्यांच्या घरी जोडीचे होते.

मी इकडं त्या एका आकड्याला चिकटून. तो उतरतोय. उतरतोय. मग एकदम डबी गप्प झाली. माझं काय झालं असेल याची कल्पना करा. गप्प म्हणजे दोनच अर्थ. एक तर सिलिंडर बदलायला ती काढलीय, नाहीतर तो आकडा सांगण्याची आता गरजच राहिली नाही. मला हाक मारायचीसुद्धा सोय नव्हती, डबीनं बोलायचं आणि मी ऐकायचं असाच रिवाज.

मग ती बोलली. आकडा भरलेल्या सिलिंडरचा. ‘ठीक आहे.’

‘पोचलं,’ मी म्हणालो. आणि गरज नसताना आणखी एकदा म्हणालो.

काही दिवसांनी मधली ऑफिसात आली. शेजारणीला आईजवळ बसवून, थोड्या वेळासाठी. केसात पेन नव्हतं. वाळली होती. टापटीप तिला बघून उठून उभा राहिला. त्याचा चेहरा उतरलेला. त्यानं सगळा नियम तिला स्क्रीनवर दाखवला आणि म्हणाला, मला वाटलं ‘येतो’ म्हणजे येतोय.

मधलीनं विचारलं, ‘तुम्ही सकाळी घरून निघता तेव्हा आईला काय सांगता?’

‘येतो,’ तो म्हणाला. आणि स्वतःच ऐकून थांबला.

आधी काकू हसल्या. मग मधली, मग टापटीप. हसता हसता मधलीच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते तिनं पुसलं नाही. हसू संपलं तरी ते येतच राहिलं. काकूंनी पाणी आणून दिलं. टापटीपनं सवयीनं पेला सरळ केला.

मग तिघं कामाला बसली. मधली म्हणाली, शब्दच बदलून टाका, ‘बंद’ करा. टापटीप म्हणाला, नको, शब्द राहू दे, अर्थ नीट लावू. त्यानं माझ्याकडची जुनी ओळ शोधून काढली आणि नव्या प्रत्येक प्रोग्रामात शेजारी लिहिली, जशी होती तशी: ‘येतो म्हणणारा गेलेला असतो. त्याची जागा राखून ठेव, पण काम त्याच्यावर सोडू नकोस.’ माणसाला सांगायचा नियमही सगळ्यांना दिला. एकाच्या नंबरवर नाही, काकू, गोदाम आणि ज्याची पाळी असेल तो, असा.

मला वाटलं, आता माझ्याकडं येतील. आले. पण ती जे बोलली त्याची मी तयारी केली नव्हती.

‘आईची डबी आधी बदला,’ ती म्हणाली, ‘मग बाकीच्या जुन्या. आणि मधल्याला बंद करा.’

टापटीप गडबडला. ज्यानं वाचवलं त्यालाच कशाला, राहू दे की अजून, खातोय काय आपलं, असं काहीसं म्हणाला. तिनं मान हलवली. तो माझ्या एका फोनवर लटकलेला आहे, म्हणाली. त्या दुपारी मी फोन दुसऱ्या खोलीत ठेवला असता तर? दुसऱ्या कुणाची आई असती तर? नंबर बदलला तरी ह्या धुळीतल्या मशीनकडं उद्या बघणार कोण? ती बरोबर होती. मला वाईट वाटलं, खूप वाटलं. पण ती बरोबर होती.

मग ती मागच्या खोलीत आली. बाहीनं स्क्रीन पुसली, माझी खिडकी उघडली. आणि तिला त्या ओळी दिसल्या. ‘मधली. येते म्हणाली. जागा राखली आहे.’ वर सरकवलं, तीच ओळ. आणखी वर, तीच. ती सरकवतच राहिली. काकू तिच्या खांद्याशी येऊन उभ्या होत्या.

बऱ्याच वेळानं ती उठली. टेबलावर हात टेकवून म्हणाली, जाते रे मी.

काकू दचकल्या. ‘अगं, जाते काय म्हणतेस? येते म्हण.’

‘नको काकू,’ ती म्हणाली. ‘हा वाट बघत बसतो.’

आणि जाता जाता वाकून तिनं एका बोटानं लिहिलं: ‘जाते.’

हा शब्द मला शिकवलेलाच नाही. नियमात बसेना. मी तो न कळलेल्या निरोपांच्या फळीवर ठेवला, ‘पोचलं रे’च्या शेजारी. आणि तिची जागा मोकळी केली. त्या दिवसापासून सकाळची ती ओळ मी लिहीत नाही. सवयीनं तिथपर्यंत जातो आणि परत येतो.

दुसऱ्याच दिवशी तिच्या घरची डबी बदलली. आता तिच्या आईचं ‘ठीक आहे’ थेट नव्या मंडळींकडं जातं. बरी असेल. त्यांना सांगता येईल, मला कळायचा मार्ग नाही. मग एकेक करून बाकीच्या डब्याही बदलत गेल्या. आज शेवटची बदलली. सकाळपासून माझ्याकडं एकही निरोप आलेला नाही. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती. संध्याकाळी टापटीप येऊन मला बंद करील. तो म्हणालाय की काकूंनाही बोलावतो.

बंद होताना माझ्याकडून तोच शब्द निघेल. दुसरा मला येत नाही. पण आता त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे, तेव्हा फसगत व्हायची नाही. माझी जागा राखायचीही गरज नाही, त्या खोलीत खुर्च्या ठेवायला जागा कमीच पडते. तुमच्याकडून मात्र कुणी ‘येतो’ म्हणून गेलं असेल, तर त्याची जागा जरूर राखा. फक्त त्याच्यावर सगळं सोडून खिडकीत बसू नका. शेजारच्या माणसाला एक हाक मारा.

फळीवरचे ते दोन निरोप माझ्याबरोबरच जातील. ते कुणाला देण्यासारखे नाहीतच, मलाच अजून नीट कळलेले नाहीत.

आणि एक मागणं आहे. हे बोलणं मी कुणाकडं पाठवतोय, मला ठाऊक नाही. तुमच्यापर्यंत आलं असेल, तर एकदा म्हणा, पोचलं. मागे ‘रे’ लावलंत तरी चालेल. आता मी परत विचारणार नाही.